दोन रिंगा इकडे, एक तिकडे

प्रिय वहिनी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते न फोडताच कपाटावर ठेवून देशील याची मला खात्री होती, म्हणून पत्ता तुझ्या लेकीकडून लिहून घेतला. एवढी लबाडी माफ कर. फोडलंच आहेस, तर आता शेवटपर्यंत वाच. दादा असता तर म्हणाला असता, नियमबाईंचं पत्र आलंय, खाली बारीक अक्षरात अटी असतील, त्या आधी बघा. अटी काही नाहीत. एक विचारायचं आहे, पण ते एकदम विचारलं तर तू नाही म्हणशील, आणि त्यात तुझी चूकही नसेल. म्हणून जरा लांबून येते.

दादाला जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि मीही तुझ्या दाराशी आले नाही. विद्यापीठात लोकांना वाटतं, हिला काय, ही कर्मचारी विभागात बसते, माणसांची दुःखं हाताळणं हे हिचं कामच आहे. खरंच आहे ते. आमच्या खात्याला पूर्वी आस्थापना म्हणायचे, मग पाटी बदलून मानव संसाधन केली, तेव्हा दादा तुमच्या जेवणाच्या टेबलावर केवढा हसला होता. म्हणाला, आजवर आम्ही निदान माणसं होतो, आता लोखंड आणि कोळशाच्या रांगेत जाऊन बसलो. तर या संसाधनांच्या घरात कोणी गेलं की त्यांना किती रजा, कोणती सवलत, कोणता समुपदेशक, हे सगळं सांगायला मी. त्यासाठी एक छोटी पुस्तिकाही मी लिहिलेली आहे. दादा गेल्यावर आमच्या विभागप्रमुखांनी फार हळुवारपणे तीच पुस्तिका माझ्या हातात ठेवली. मी आभार मानले. माझंच लिखाण, पण एक वाक्य मला लागू पडेल तर शपथ. भावंडांना रजा किती, हेसुद्धा मला उघडून बघावं लागलं. जोडीदाराला जेवढी, त्याच्या निम्मीसुद्धा नाही. त्यावेळी लिहिताना मला ते रास्त वाटलं होतं.

पण मी सांगायला बसले ते वेगळंच. वहिनी, गेल्या काही महिन्यांत मला दादाचा फोन येत होता.

वेड लागलं म्हणू नकोस, नीट ऐक. तुला माहीत आहे, दादा वनस्पतीशास्त्राच्या तळघरात बियांचं शीतगृह सांभाळायचा. जाड दरवाजा, आत बोटं आखडतील अशी थंडी, हजारो डब्यांमध्ये कुठकुठल्या बिया, आणि त्या सगळ्यांत एकटा माणूस, गुडघ्यापर्यंत येणारा तो फुगलेला निळा कोट घालून. अशा एकट्याने काम करणाऱ्यांसाठीचा नियम मी केला होता. दुसऱ्या एका इमारतीत एक बाई थंड खोलीत अडकली होती, नशिबाने वाचली, त्यानंतर केला. नियम साधा होता. एकट्याने काम करणाऱ्याने एक माणूस नेमायचा, काम संपवून निघताना त्याला कळवायचं, आणि कळवलं नाही तर त्या माणसाने शोधायला जायचं. अर्जावर त्या एका माणसासाठी एकच ओळ होती. दादाने माझ्यासमोर त्या ओळीत माझं नाव लिहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी, ऑफिस सुटायच्या सुमाराला, माझ्या टेबलावरचा फोन दोनदा वाजायचा आणि बंद व्हायचा. उचलायचा नाही असं ठरलेलं. आमच्या फोनला छोटा पडदा आहे, त्यावर दादाचं नाव यायचं आणि जायचं. मग मी पर्स उचलायची. इतक्या वर्षांत आम्ही त्या फोनवर एक शब्द बोललो नाही, आणि तरी रोज बोलणं झालं असंच वाटायचं.

त्या दिवशीही रिंग आली होती. हे मी तुला कधी सांगितलंच नाही, कारण सांगायला तू समोर उभी राहिली नाहीस. दोन रिंगा आल्या, मी पर्स उचलली, वाटेत कोणाशी तरी फालतू गप्पा मारत उभी राहिले. नियमाप्रमाणे दादा सुखरूप निघालेला होता. आणि तो विद्यापीठाच्या फाटकाबाहेरच्या बसथांब्यावर बाकावर बसल्या बसल्या गेला. पहारेकऱ्याने ओळखपत्र बघितलं, ऑफिसातून अर्ज काढला, आणि त्या एका ओळीत जिचं नाव होतं तिला फोन केला. मी तुझ्या घरी फोन लावत होते, वहिनी. पुन्हा पुन्हा लावला. नुसता वाजत राहिला. शेवटी तुझ्या लेकीला लावला. दवाखान्यात तू आलीस तेव्हा मी आधीच तिथे होते, त्याची डब्याची पिशवी मांडीवर घेऊन. तू पिशवीकडे बघितलंस आणि एवढंच म्हणालीस, "तुला आधी कळवलं?" नंतर कधीतरी, घर माणसांनी भरलेलं असताना, कोणाकडेही न बघता म्हणालीस, "त्याच्या कागदावर माझं नावच नव्हतं." नव्हतंच.

त्यानंतर शीतगृहाचं यंत्र बदलायला काढलं. सगळ्या बिया दुसऱ्या गावच्या विद्यापीठात हलवल्या, तळघराला कुलूप लागलं. माझा संध्याकाळचा फोन गप्प झाला. मी मुद्दाम त्या वेळेला जागेवरून उठून जायला लागले. कधी चहाच्या यंत्राशी, कधी उगाच दुसऱ्या मजल्यावर. घर खायला उठतं म्हणतात ना, तसं मला ते टेबल खायला उठायचं. आणि एका शुक्रवारी, आवराआवर लांबली म्हणून मी बसलेलीच होते, तर फोन वाजला. दोनदा. पडद्यावर दादाचं नाव आलं आणि गेलं.

शेजारची मुलगी काहीतरी विचारत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. मी पर्स उचलली. विचार करून नाही, हाताने आपोआप उचलली. पार घरी जाऊन दार लावल्यावर माझ्या लक्षात आलं की मी निघाले कशी.

पुढच्या आठवड्यापासून ती रोज यायला लागली. तीच वेळ, त्याच दोन रिंगा. तू मला ओळखतेस. टाचणी हरवली तरी चौकशी लावणारी बाई मी. टेलिफोन विभागाला एक फोन केला असता तर उलगडा झाला असता. त्या नंबरावरचं नाव काढा हे सांगणंसुद्धा आमच्याच खात्याचं काम, गेलेल्या माणसाचं नाव दारावरून, पगारपत्रकावरून, फोनवरून उतरवायचं, त्याची माझ्याकडे पद्धतशीर यादी आहे. फोन सोडून बाकी सगळीकडून मी त्याचं नाव उतरवलं होतं. मुद्दाम नाही. किंवा मुद्दामच असेल, आता मला सांगता येत नाही. पण मी कोणाला विचारलं नाही, कारण उलगडा झाला की रिंग बंद होईल हे मला दिसत होतं. एकदा मी रिसीव्हरवर हात ठेवून बसले. पहिली रिंग हाताखाली थरथरली, दुसरी थरथरली, आणि मी उचलला नाही. उचलला आणि पलीकडे कोणी नसेल तर? आणि असेल तर? माझ्या मनात दोन्हीची भीती सारखीच होती. दिवसा मी लोकांना कामाचा ताण, विश्रांती, वेळेवर मदत मागणं यावर शहाणपण शिकवायची, आणि संध्याकाळी मेलेल्या भावाच्या फोनची वाट बघत बसायची. झोप उडाली, वजन उतरलं. आरशात बघितलं की दादाचीच गालफडं दिसायची.

मग एका संध्याकाळी रिंग आली नाही.

ऑफिस रिकामं झालं. सफाईवाल्या बाई येऊन माझ्या खुर्चीभोवतीची जमीन पुसून गेल्या, पाय वर घ्या म्हणाल्या, मी घेतले. फोन गप्प. आणि वहिनी, भूत जेव्हा येत होतं तेव्हा मी जेवढी घाबरले नाही, तेवढी ते न आल्यावर घाबरले. कारण रिंग आली नाही तर काय करायचं, हे ठरलेलं होतं. ठरवणारी मीच होते. शोधायला जायचं. मी पर्स टेबलावर तशीच टाकली आणि निघाले.

मधलं मैदान ओलांडलं, वनस्पतीशास्त्राचा मागचा जिना उतरले. खालच्या बोळात दिवा चालू होता. यंत्राचा तो घुमणारा आवाज, ज्याला दादा माझी दुसरी बायको म्हणायचा, तो पुन्हा सुरू झालेला होता. जाड दरवाजाला डोळ्यांच्या उंचीवर एक गोल काच आहे. काचेवर धुकं जमलं होतं. मी बाहीने पुसलं. आत, डब्यांच्या दोन रांगांच्या मध्ये, निळा कोट पाठमोरा उभा होता. गुडघ्यापर्यंत. उजवा खांदा किंचित खाली झुकलेला. त्याने हात वर केला, बोटाच्या पेराने तापमानाच्या काट्यावर टकटक केलं, दोनदा, आणि मान वाकडी करून काटा हलतो का ते बघितलं. असं टकटक करणारा माणूस माझ्या माहितीत एकच होता. मी दादा म्हणून हाक मारली. किती मोठ्याने मारली माहीत नाही, पण जाड दरवाजातूनही ती आत गेली.

तो वळला. किरकोळ अंगाचा, चाळिशी उलटलेला, चष्म्यावर वाफ धरलेला माणूस. मी त्याला ओळखत होते. दादाच्या निवृत्तीला काही महिने राहिले होते तेव्हा त्याच्या हाताखाली शिकायला म्हणून मीच त्याची नेमणूक केली होती. दादा गेल्यावर तो बियांबरोबर दुसऱ्या गावी गेला होता, आणि आता बियांबरोबर परत आला होता. हे सगळे आदेश माझ्या हाताखालून गेलेले, वहिनी. त्याच्या परतीच्या कागदावर माझी सही आहे. पण कागदावरचा माणूस आणि फोनमधला भाऊ यांचा एकमेकांशी संबंध असेल, हे डोक्यात येईल तर ना.

तो बाहेर आला आणि माझीच माफी मागू लागला. "मॅडम, सॉरी, काटा खाली येत नव्हता म्हणून थांबलो. रिंग दिली नाही म्हणून आलात ना?" त्याच्या लेखी मी नियमाप्रमाणे आले होते. मी खालच्या स्टुलावर बसले. त्याने मला पाणी दिलं आणि तो कोट काढून माझ्या खांद्यांवर टाकला. कोटाला अजून दादाच्या तंबाखूचा वास आहे. तुला चोरून खायचा, हे तुला माहीत होतं, हे दादालाही माहीत होतं.

मी त्याला विचारलं, ही रिंग द्यायला कोणी सांगितलं. म्हणाला, सांगितलं असं नाही, साहेब रोज जे करायचे ते शेजारी उभं राहून शिकलो. काटा बघायचा, त्यावर टकटक करायची, दरवाजाचा आतला खटका दाबून बघायचा, कोट खुंटीला लावायचा. मग फोन. दोन रिंगा वर ऑफिसात, आणि एक रिंग त्या दुसऱ्या नंबरावर. मग दिवा. दुसरा नंबर कुठला, मी विचारलं. "तो बंदच लागतो मॅडम. हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणते ती बाई. पण पद्धत आहे म्हणून रोज लावतो." आणि त्याने नंबर घडाघडा म्हणून दाखवला.

तुमच्या घरचा. तू दादा गेल्यावर काढून टाकलास तो.

मी तिथेच रडले. वर्षभरात पहिल्यांदा, आणि एका परक्या माणसासमोर. कारण मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. मी कधी दादाबरोबर घरी आले की आम्ही दारात चपला काढत असताना आत चहा उकळत असायचा. अगदी त्या क्षणाला. मी किती वेळा चिडवलं तुला, वहिनी, तुला नवऱ्याचा वास येतो का गं लांबून? तू तोंडाला पदर लावून हसायचीस आणि तो मुकाट्याने वर्तमानपत्रात डोकं घालायचा. तुम्ही दोघांनी कधी पत्ता लागू दिला नाही. एक रिंग. उचलायची नाही. आधण ठेवायचं. इतकी वर्षं मला वाटत होतं दादाचं निघणं फक्त मला कळतं. तुलाही तेच वाटत असणार. आणि त्या दिवशी मी फोन लावत राहिले तेव्हा तू का उचलला नाहीस, तेही मला त्या स्टुलावर कळलं. रिंग येऊन गेली होती आणि तो आला नव्हता. तू खाली घराच्या फाटकाशी जाऊन उभी होतीस ना?

मग त्या कागदावर तुझं नाव का नव्हतं? हे मी त्या माणसाला विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. त्यानेही दादाला एकदा विचारलं होतं, साहेब, घरी रिंग देताच, तर अर्जावर बहिणीचं नाव कशाला? दादा म्हणाला, "रिंग नाही आली तर कोणीतरी या जिन्यावरून खाली यायचं, आणि काचेतून आत बघायचं. ते काम बायकोला द्यायचं का? बहीण माझी नियमबाई आहे, ती धडधड उतरून येईल. घरी फक्त मी येतोय एवढंच कळायला पाहिजे. न येण्याचं खातं बहिणीकडे दिलंय." त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहिलंय. त्या माणसाने ते सांगितलं तेव्हा आवाजही दादासारखाच काढला, त्याला कळलंसुद्धा नाही. वहिनी, मी त्या जिन्याने उतरले आहे आणि त्या काचेतून आत बघितलं आहे. दादाने तुझं नाव का लिहिलं नाही ते मला आता अंगाने कळलंय.

तळघरातला फोन अजून दादाच्याच नावावर होता, ते टेलिफोन विभागाला मी दुसऱ्याच दिवशी कळवलं. आता पडद्यावर त्या माणसाचं नाव येतं. रिंग येते, मी पर्स उचलते, घरी जाते, आणि हल्ली झोपते. एकच गोष्ट मी त्याला विचारलेली नाही आणि विचारणारही नाही. शीतगृह सुरू झालं ते एका सोमवारी. मला पहिली रिंग आली ती त्याच्या आधीच्या शुक्रवारी. तो सामान लावायला म्हणून आधी येऊन गेला असेल. असेलच. त्या दिवसाची हजेरी बघायची म्हटलं तर माझ्या खणातच आहे. पण तो खण मी उघडत नाही.

आता विचारायचं ते विचारते. या माणसाचं कोणी नाही. आईवडील गेले, लग्न केलं नाही, भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. त्याच्या अर्जावरची ती ओळ रिकामी होती. दोन रिंगा येतातच म्हणून मी तिथे माझं नाव घातलं, त्यामुळे नियमाचं भागलं. पण रोज संध्याकाळी तो ती एक रिंग अस्तित्वात नसलेल्या नंबरावर देतो, ती बाई नाही म्हणते, आणि मग तो दिवा मालवून घरी जातो, जिथे त्याच्या येण्याची कोणाला खबर नसते. तुझा नवा नंबर मी तुझ्या लेकीकडे मागितला. म्हणाली, आत्या, आईला विचारल्याशिवाय नाही देणार. शहाणी आहे, तुझ्यावर गेली आहे. म्हणून विचारते, तो नंबर त्याला देऊ का? मला नको देऊस हवा तर, लेकीकरवी थेट त्याला कळव. संध्याकाळी एक रिंग येईल. तो दादा नसेल, आणि हे रोज नव्याने लागेल, मला लागतं. उचलू नकोस. चहा ठेवलास तर एकटीसाठी ठेव, नाहीतर ठेवूही नकोस. फक्त एक माणूस थंडीतून बाहेर पडला आणि घराकडे निघाला, हे तुला कळू दे. आणि एखाद्या दिवशी रिंग आली नाही, तर फाटकाशी जाऊन उभी राहू नकोस, वहिनी. मला फोन कर. शोधायला मी जाईन.

तुझीच,
नियमबाई